कणगी भरली, ताटाचे काय?

(साक्षरता वर्गाच्या समारोपाला केलेले भाषण)



आज तुमच्या वर्गाचा शेवटचा दिवस. वर्गात पहिल्यांदा आलात तेव्हा तुम्ही अंगठा उठवीत होता. आज तुमची नावे फळ्यावर तुम्हीच लिहिलीत. आम्ही मागे बसून पाहत होतो. एका आजींनी आपल्या नावातली वेलांटी दोनदा पुसली आणि तिसऱ्यांदा नीट काढली. आमचे सारे आयुष्य शाळेत गेले. पण ती वेलांटी पाहून जो आनंद झाला, तो निराळाच.

चार शब्द बोला, असे आम्हांला सांगितले आहे. आम्ही काही विद्वान नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलो, मास्तर झालो, मुख्याध्यापक होऊन निवृत्त झालो. जे डोळ्यांनी पाहिले आणि थोडेफार वाचले, तेच सांगू. विषय रोजचाच आहे. भाकरीचा.

एक प्रश्न विचारतो. भाकरी कोठून येते?

तुम्ही म्हणाल, "गुरुजी, हे काय विचारणं झालं? शेतातून येते." खरे आहे. परंतु ते अर्धेच खरे आहे. शेत पिकले तरी घरात उपास पडतो, हे आम्ही पाहिले आहे. आणि शेत वाळून गेले तरी चूल पेटते, हेही पाहिले आहे. असे का होते? याचा आज मिळून विचार करू.

१. बहात्तरचा दुष्काळ

१९७२ साली आम्ही बारा वर्षांचे होतो. आमचे गाव याच जिल्ह्यातले. तेव्हा जिल्ह्याचे नाव औरंगाबाद होते. आज आपण छत्रपती संभाजीनगर म्हणतो. आधीची दोन वर्षेही पावसाने ओढ दिली होती. बहात्तरला खरीप गेले आणि रब्बीची पेरणीही झाली नाही. घरातले बळद रिकामे झाले. पेवाचे तोंड उघडले, तर तळाशी नुसती माती. चारा नव्हता, म्हणून वडिलांनी बैलजोडी विकायला काढली. पण चारा कोणाकडेच नव्हता. मग बैलांना किंमत कोण देणार? मिळेल त्या पैशाला जोडी गेली.

मग सरकारने दुष्काळी कामे काढली. रस्ते, पाझर तलाव, नालाबांध. आमचे आईवडील दोघेही खडी फोडायला जात. धाकट्या बहिणीला घेऊन आम्ही कडेला बसत असू. कामाचे मोजमाप होई आणि हातात मजुरी पडे. ती घेऊन वडील रेशनच्या दुकानावर जात. तेथे मिलो मिळे. मिलो म्हणजे अमेरिकेतून आलेली तांबडी ज्वारी. तिची भाकरी थापताना चिरे, पण पोटात जाई. मुलांना कामावर सुकडी मिळे. तिची चव आमच्या जिभेवर अजून आहे.

मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात सुमारे ५० लाख माणसे एकाच वेळी अशा कामांवर होती. इंग्रजांच्या काळी, १८७६ ते १८७८ या वर्षांत, दख्खनेत असाच मोठा दुष्काळ पडला होता. तेव्हा लाखो माणसे मेली. बहात्तरला फार हाल झाले. जनावरे गेली. माणसे वाळली. परंतु लाखांनी माणसे मेली नाहीत.

आता पाहा. आमच्या शेतात दाणा नव्हता. तरी भाकरी आली. का आली? हाताला काम मिळाले. कामाचा पैसा मिळाला. तो घेऊन जायला दुकान होते. आणि दुकानात धान्य होते. ही साखळी आहे. यातली एक कडी जरी तुटली असती, तरी आम्ही आज तुमच्यापुढे उभे नसतो.

हीच गोष्ट उलट बाजूने बघा. १९४३ साली बंगालमध्ये भयंकर दुष्काळ पडला. वीस ते तीस लाख माणसे मेली. अमर्त्य सेन तेव्हा नऊ वर्षांचे होते. त्यांनी तो डोळ्यांनी पाहिला. मोठेपणी ते अर्थशास्त्राचे पंडित झाले. १९८१ साली त्यांनी त्यावर पुस्तक लिहिले. १९९८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या हिशेबाने, १९४१ साली बंगालमध्ये १९४३ पेक्षाही कमी धान्य होते. तरी १९४१ साली दुष्काळ पडला नाही. मग १९४३ साली काय झाले? लढाई चालू होती. तांदळाचे भाव भडकले. शेतमजूर, कोळी, न्हावी यांची कमाई मात्र वाढली नाही. तांदूळ बाजारात होता, पण तो घ्यायला यांच्या हातात पैसा नव्हता.

म्हणजे धान्य असणे निराळे, आणि ते आपल्या घरात येणे निराळे.

आपल्या महाराष्ट्रात एका माणसाने हे ओळखले होते. त्यांचे नाव वि. स. पागे. ते विधान परिषदेचे सभापती होते. मागेल त्याला काम द्यावे, असे त्यांचे म्हणणे. १९६५ साली त्यांच्या सांगण्यावरून सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात त्याचा प्रयोग झाला. बहात्तरच्या दुष्काळाने त्याचे मोल सर्वांना पटले. रोजगार हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो राज्यात लागू झाला. २००५ साली देशानेही तसा कायदा केला. त्याचे नियम वेळोवेळी बदलतात. आजचे नियम काय, हे ग्रामपंचायतीत जाऊन विचारा. कामाची मागणी लेखी द्या आणि तारीख घातलेली पोच मागा. आता तुम्हांला तारीख वाचता येते.

२. सुगीत विकले, श्रावणात घेतले

दुष्काळ सरला. पाऊस झाला. एका वर्षी आमच्या शेतात मालदांडी ज्वारी अशी आली की कणसे हातात मावेनात. फाल्गुनात खळे झाले. आम्हांला वाटले, आता वर्षाची चिंता मिटली. पण त्याच आठवड्यात गाडी भरून ज्वारी मोंढ्यावर गेली. आडत्याची उचल होती. दुकानाची उधारी होती. मोठ्या बहिणीचे लग्न नुकतेच झाले होते. सगळ्यांचीच ज्वारी एकदम मोंढ्यावर आली, म्हणून भाव पडलेला. श्रावण आला आणि कणगी रिकामी झाली. मग वडील त्याच मोंढ्यावरून ज्वारी विकत आणू लागले. तीही चढ्या भावाने.

आता वही काढा. एक हिशेब करू. आकडे आम्ही समजुतीसाठी धरले आहेत.

समजा, फाल्गुनात ज्वारीचा भाव क्विंटलला २,००० रुपये आहे. तुम्ही ४ क्विंटल विकली. किती आले? ८,००० रुपये. श्रावणात भाव ३,००० रुपये झाला. तुम्ही तीच ४ क्विंटल घरी खायला परत आणली. किती द्यावे लागले? १२,००० रुपये. ज्वारी तीच, माणसे तीच. मधल्या मध्ये ४,००० रुपये गेले.

हे आळसाने झाले नाही. अडचणीने झाले. कर्जदार दारात उभा असला की भाव बघायला सवड नसते. म्हणून घरातल्या भाकरीवर कर्जाचा मोठा परिणाम होतो. लग्नाचे कर्ज, आजारपणाचे कर्ज, आणि स्पष्ट बोलतो, दारू-गुटख्याची उधारी. ही सारी शेवटी कणगीतून फिटतात.

यावर एक उपाय आहे. कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना आहे. ती १९९०-९१ पासून चालू झाली. ज्या बाजार समितीत ही योजना चालते, तिच्या गोदामात माल ठेवायचा. मालाच्या किमतीच्या शेकडा ७५ पर्यंत कर्ज मिळते. व्याज दरसाल दर शेकडा ६ रुपये. पैसा हाती येतो आणि माल आपलाच राहतो. भाव वाढला की विकायचा. आपल्या बाजार समितीत चौकशी करा. आणि सही करण्याआधी कागद पुरता वाचा.

घरी धान्य ठेवायचे तर ते खडखडीत वाळवा. दाणा दाताखाली कटकन वाजला पाहिजे. ओलसर दाण्याला कीड आणि बुरशी लवकर लागते. तुमच्या सासवा धान्यात लिंबाचा पाला घालीत, तो उगाच नव्हे. किडीने खाल्लेला शेरही आपल्याच पोटातला असतो.

३. पांढरे सोने आणि घरची ज्वारी

आमच्या लहानपणी शिवारात ज्वारी आणि बाजरी दिसे. त्यांत तूर, मूग, मटकी, अंबाडी असे. आता काय दिसते? कपाशी दिसते. सिल्लोड, कन्नडकडे मका दिसतो. कोठे आले, कोठे मोसंबी, कोठे ऊस. आम्ही नावे ठेवीत नाही. मुलांची फी ज्वारीने भरता येत नाही. रोख पैसा लागतो, म्हणून माणूस कपाशी लावतो.

परंतु कपाशी खाता येत नाही. तिचा कडबाही होत नाही. ज्वारी कमी झाली, तसा कडबा कमी झाला. कडबा कमी झाला, तशी दारची गाय-म्हैस गेली. ती गेली, तसे पोरांच्या वाट्याचे ताक-दूध गेले. बांधावरची तूर गेली, तसे वरण पातळ झाले. पाहा, एक पीक बदलले आणि ताटातले चार पदार्थ बदलले.

आणि रोख पिकाने दगा दिला तर? २०१७ साली गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रात कपाशीचे फार नुकसान केले. ज्याच्या साऱ्या रानात कपाशीच होती, त्याचा पैसाही गेला आणि घरी दाणाही नव्हता. ज्याने एक पट्टा ज्वारी-तुरीला ठेवला होता, त्याची चूल तरी चालली.

लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांतल्या बायांनी यावर एक चांगली वाट काढली आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीला भूकंप झाला, हे तुम्हांला माहीत आहे. त्यानंतर त्या भागात 'स्वयं शिक्षण प्रयोग' नावाची संस्था बायांबरोबर काम करू लागली. पुढे तिथल्या बायांनी घरच्यांना म्हटले, "सगळं रान तुमचं तुम्ही करा. आम्हांला अर्धा एकर, एक एकर द्या. त्यात घरच्या खाण्याचं पीक आम्ही घेऊ." त्या तुकड्यात त्यांनी ज्वारी-बाजरी, डाळी आणि भाजीपाला लावला. खत घरचे, बियाणे शक्य तितके घरचे. घरच्यांना आधी ते पटले नसेल. पण ज्या वर्षी पाऊस उणा पडतो, त्या वर्षी असा तुकडा घर तारून नेतो. २०१७ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने या कामाला 'इक्वेटर' पारितोषिक दिले.

ज्यांना जमीन नाही, त्यांनी काय करावे? मोरीचे सांडपाणी जिथे जाते, तिथे एक शेवगा लावा. एक पपई लावा. छपरावर दुधी-दोडक्याचा वेल चढवा. पावसाळ्यात तांदुळजा, चिवळ, पाथरी या भाज्या बांधाला फुकट येतात. त्या गरिबाच्या भाज्या म्हणून हिणवू नका. त्या अंगाला चांगल्या.

४. कार्ड वाचा, पावती वाचा

आता रेशनविषयी. २०१३ साली देशात राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा झाला. अंत्योदय कार्डाला महिन्याला घरटी ३५ किलो धान्य. प्राधान्य कार्डाला महिन्याला माणशी ५ किलो. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत आहे. ही कोणाची मेहेरबानी नाही. हा कायद्याने दिलेला हक्क आहे.

पुन्हा वही काढा. घरात ६ माणसे. कार्ड प्राधान्याचे. किती किलो? ६ गुणिले ५, म्हणजे ३० किलो. आता कार्ड बघा. त्यावर सहा नावे आहेत का? सून आली, तिचे नाव चढले का? नातू झाला, त्याचे नाव चढले का? एक नाव राहिले तर महिन्याला ५ किलो जातात. वर्षाला किती? ६० किलो. एका नावाची ही किंमत आहे.

दुकानात यंत्रावर अंगठा ठेवला की पावती निघते. ती मागून घ्या. माणसे किती, किलो किती, हे वाचा आणि धान्य तोलून घ्या.

याच कायद्यात आणखी एक गोष्ट आहे. कार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून घरातल्या वयाने सर्वांत मोठ्या बाईचे नाव लावायचे. वय १८ वर्षे पुरे पाहिजे. कायदा करणाऱ्यांनी असे का केले असेल? ते पुढे सांगतो.

मराठवाड्यात एक निराळी योजनाही होती. २०१५ पासून केशरी कार्डाच्या शेतकऱ्यांना स्वस्त धान्य मिळत होते. २०२३ पासून त्याऐवजी बँकेच्या खात्यात रोख रक्कम देण्याचे ठरले. काही जण म्हणतात, पैसा बरा, हवे ते घेता येते. काही बाया म्हणतात, "धान्य घरात येत होतं. पैसा घरी पोचेल याचा काय भरवसा?" दोन्ही बोलण्यांत तथ्य आहे. तुमच्या घरी काय होते, ते तुम्हीच ठरवा.

आणि गाव सोडणाऱ्यांचे काय? दिवाळी झाली की कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला जातात. कितीतरी पोरे वाळूजला, चिकलठाण्याला कंपनीत जातात. आता एका गावचे कार्ड दुसऱ्या गावी, दुसऱ्या राज्यातही चालते. हे लक्षात ठेवा आणि जाताना कार्डाचा नंबर लिहून न्या.

हे आम्ही इतके आग्रहाने का सांगतो? करोनाच्या टाळेबंदीत, ८ मे २०२० रोजी पहाटे, आपल्या जिल्ह्यात करमाडजवळ १६ मजूर मालगाडीखाली मेले. जालन्याच्या कारखान्यात काम करणारी मध्य प्रदेशातली माणसे ती. काम बंद झाले होते. मजुरी बंद झाली होती. म्हणून पायी गावाकडे निघाली. थकून रुळांवरच झोपली. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आम्ही चित्र पाहिले. रुळांवर त्यांच्या चपात्या पडल्या होत्या. त्या दिवशी देशाची गोदामे धान्याने भरलेली होती. बहात्तरला जी साखळी टिकली, ती या माणसांसाठी तुटली होती. आम्ही ते वर्तमानपत्र घडी करून ठेवले. दुसऱ्यांदा उघडून पाहवले नाही.

५. सोमवारची खिचडी

आता आमचीच एक चूक सांगतो.

१५ ऑगस्ट १९९५ पासून देशात शाळेतल्या मुलांसाठी मध्यान्ह भोजनाची योजना आली. आधी महिन्याला ३ किलो तांदूळ घरी देत असत. नोव्हेंबर २००१ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितले, शिजवलेले अन्न द्या. मग आमच्या शाळेत खिचडी शिजू लागली. थोड्याच दिवसांत खिचडी करणाऱ्या बाई म्हणाल्या, "गुरुजी, सोमवारी पातेलं पुरत नाही." पट तोच, तांदूळ तोच. मग सोमवारीच का? आम्ही विचार केला आणि उमगले. रविवारी शाळेला सुट्टी असते.

त्याच सुमारास चौथीतली एक मुलगी खिचडी डब्यात भरून दप्तरात लपवताना सापडली. शाळेतले अन्न शाळेतच खायचे, असा नियम. आम्ही तिला सर्वांदेखत रागावलो. दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मग आम्ही तिच्या घरी गेलो.

बाप ऊसतोडीला गेलेला. मुकादमाची उचल घरात खर्च होऊन गेलेली. आई महिन्याची बाळंतीण. घरात म्हातारी सासू आणि तीन लेकरे. पीठ थोडे होते. आई भाकरी करी. आधी सासूला वाढी, मग लेकरांना. टोपलीत उरले तर स्वतः खाई. बहुतेक दिवस उरत नसे. आम्ही मुलीला विचारले, "डबा कोणासाठी गं?" ती बोलली नाही. तिने आईकडे पाहिले. आई म्हणाली, "मला भूकच नसते, गुरुजी."

हे वाक्य आम्ही पूर्वी ऐकले होते. बहात्तर साली. मिलोची भाकरी आमच्या आणि वडिलांच्या ताटात पडली की आमची आई हेच म्हणे. "मला भूक नाही." दिवसभर खडी फोडून आलेल्या बाईला भूक नाही? आम्ही बारा वर्षांचे होतो. आम्ही ते खरे मानले आणि तिच्या वाटची भाकरी खाल्ली. तीस वर्षांनी त्या झोपडीत उभे राहिल्यावर ते आमच्या ध्यानात आले. तोवर आई राहिली नव्हती.

आम्ही अंगणवाडीच्या ताईंना भेटलो. गरोदर आणि बाळंत झालेल्या बायांसाठी अंगणवाडीतून आहार मिळतो. त्या बाईचे नाव यादीत नव्हते, ते घालून घेतले. मुलीची वर्गात सर्वांदेखत माफी मागितली. कारण रागावलो होतो ते सर्वांदेखत.

१९९६ साली रोम शहरी जगातल्या देशांची अन्न परिषद भरली होती. सर्व माणसांना, सर्व काळी, पुरेसे आणि पौष्टिक अन्न मिळाले पाहिजे, असे तिथे ठरले. सर्व माणसांना, हे लक्षात घ्या. घराला किती किलो मिळाले, एवढे मोजून भागत नाही. घरातल्या प्रत्येकाच्या ताटात काय पडले, हे बघावे लागते.

२०१९ ते २०२१ मध्ये सरकारने देशभर घरोघरी आरोग्याची पाहणी केली. महाराष्ट्रात १५ ते ४९ वर्षांच्या शंभर बायांपैकी ५४ बायांच्या अंगात रक्त कमी आढळले. या वर्गात अशा वयाच्या वीस बाया असतील, तर हिशेबाने त्यांतल्या दहा-अकरा. सगळ्यांच्याच घरी दाणा नसतो असे नाही. पुष्कळ घरी दाणा असतो. वाटणी चुकते.

आता कार्डावर बाईचे नाव का, ते कळले ना? जी शेवटी जेवते, तिच्या हाती दाणा दिला तर तो सर्वांना पोचतो. आम्ही म्हणतो, तो तिलाही पोचला पाहिजे.

६. पाणी

आणखी एक गोष्ट थोडक्यात. जुनी माणसे म्हणतात, बहात्तरचा दुष्काळ धान्याचा होता, अलीकडचे दुष्काळ पाण्याचे. २०१६ साली लातूरला रेल्वेने मिरजेहून पाणी आणावे लागले. पाणी नसले तर डाळ शिजत नाही. पाणी आणण्यात बाईचा अर्धा दिवस जातो आणि मजुरी बुडते. पाणी घाण असले तर हगवण लागते. मग खाल्लेले अंगी लागत नाही. भांडे कितीही भरा, बुडाला भोक असले तर काय उपयोग?

पिण्याचे पाणी उकळून घ्या. भाकरी थापण्याआधी आणि जेवण्याआधी हात साबणाने धुवा. लेकराला हगवण लागली तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून थोडे थोडे पाजा. चमचा चहाचा घ्या. अंगावरचे दूध बंद करू नका. आणि दवाखान्यात न्या.

शेवटचे दोन शब्द

मघाशी विचारले, भाकरी कोठून येते? आता आपला हात समोर धरा. एकेक बोट मोजा. एक, शेतातले पीक. दोन, हाताला काम आणि कामाला दाम. तीन, साठवण, म्हणजे घाईने न विकणे. चार, रेशनचा आणि अंगणवाडीचा हक्क. पाच, चांगले पाणी. ही पाच बोटे मिळून घास उचलतात. एकट्या बोटाला तो उचलत नाही. आणि घास उचलला तरी तो कोणाकोणाच्या तोंडी जातो, हे घरात ठरते. ते सरकार ठरवीत नाही आणि पाऊसही ठरवीत नाही. ते तुम्ही आम्ही ठरवतो.

तुम्ही आता वाचू लागलात. पोथी वाचा, वर्तमानपत्र वाचा. पण आधी घरचे रेशन कार्ड वाचा, दुकानाची पावती वाचा, आडत्याची पट्टी वाचा. अक्षराने पोट भरत नाही हे खरे. पण पोटातला घास कोण काढून घेतो, ते अक्षराने कळते.

आज घरी गेल्यावर एक करा. रात्री सगळे एकदम जेवायला बसा. जी वाढते, तिचेही ताट आधीच मांडा. आणि ती म्हणाली, "मला भूक नाही," तर ते खरे मानू नका. आम्ही मानले होते.



वर्गात बोलण्यासाठी प्रश्न

१. शेतात काही पिकले नसताना १९७२ साली घरात भाकरी कशी आली?

२. सुगीत धान्य विकून पुढे तेच विकत घेतले तर काय तोटा होतो? आपल्या घरचा हिशेब मांडा.

३. तुमच्या घरी माणसे किती? कार्डावर नावे किती? महिन्याला किती किलो मिळाले पाहिजे?

४. तुमच्या शिवारात दहा वर्षांपूर्वी कोणती पिके होती? आज कोणती आहेत? त्यामुळे ताटात काय बदलले?

५. तुमच्या घरी शेवटी कोण जेवते?